पहिलें पाणी

नव्या मडक्यांतलें पहिलें पाणी प्यावयाचें नाहीं, हा नियम मला कोणी शिकविल्याचें आठवत नाहीं. घराच्या भिंतींप्रमाणें तो माझ्या जन्मापूर्वींपासूनच तेथें होता. मडकें आणावें, धुवावें, काठोकाठ भरून एक रात्र तसेंच ठेवावें, सकाळीं तें पाणी केळीच्या आळ्यांत ओतावें. असें दोन-तीन वेळां झालें म्हणजे मग मडकें तिवईवर चढावयाचें. तांदळाचें पहिलें पाणी असेंच परसांत जाई. सिमेंटची नवी टांकी पुरी भरून रिकामी केल्याखेरीज तिचें पाणी स्वयंपाकघरांत येत नसे. नव्या लुगड्याचें पहिलें पाणी इतर कपड्यांना लागूं द्यावयाचें नाहीं. मृगाच्या पहिल्या सरींत पागोळ्यांखालीं हंडा मांडावयाचा नाहीं. दोन दिवस कौलें धुऊन निघूं द्यावीं, मग खुशाल पाणी धरावें. हे नियम निरनिराळ्या वस्तूंचे असले, तरी त्यांच्या मुळाशीं एकच श्रद्धा आहे. जें सुटावयाचें असतें तें आरंभींच सुटतें, आणि तें एकदां ओतून दिलें कीं पुढचें पाणी निर्धास्तपणें प्यावें.

ही श्रद्धा अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागासंबंधीं येथें चार शब्द लिहावयाचे आहेत, कारण त्या अर्ध्या भागानें अलीकडे माझ्या कुटुंबांतील एका तरुणाची झोंप उडविली, आणि त्याच्याबरोबर कांहीं रात्रीं माझीही.

घट्ट पदार्थांतून पाण्यानें कांहीं अंश काढून नेणें याला शास्त्रीय परिभाषेंत ‘निक्षालन’ म्हणतात. पस्तीस वर्षें मीं एका महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविलें. हा शब्द फळ्यावर लिहिला कीं मुलांच्या चेहऱ्यावर कशी कळा येई, तें मला चांगलें ठाऊक आहे. घरगुती भाषा या बाबतींत पुष्कळ श्रीमंत आहे. तिच्यांत रंग ‘जातो’, मीठ ‘सुटतें’, काढ्याचा अर्क ‘उतरतो’ आणि आमटी ‘कळकते’. हा शेवटचा शब्द आतां घरांतून नाहींसा होत चालला आहे. माझ्या नातीनें तो ऐकलेला नाहीं, कारण तिच्या घरांत कळकावयाला पितळेचें भांडेंच उरलेलें नाहीं. तिच्यासाठीं सांगावयाचें तर, बिनकल्हईच्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत चिंच, कोकम, ताक, असें कांहीं आंबट ठेवलें, कीं थोड्याच वेळांत त्याला धातूची एक तुरट, किळसवाणी चव येते, खाणाऱ्याला मळमळतें, आणि पातेल्याच्या कडेला हिरवट छटा दिसूं लागते. तें कळकणें.

पितळ म्हणजे ढोबळ मानानें दोन भाग तांबें आणि एक भाग जस्त. आंबट पदार्थांतील आम्ल आणि हवेंतील प्राणवायु यांची जोडी जमली, कीं तांब्याचीं लवणें तयार होऊन अन्नांत उतरूं लागतात. यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला गल्लींत येऊन भाता मांडी, भांडें लाल होईपर्यंत तापवी, नवसागराची पूड टाकून धुराचा पांढरा लोट उठवी, आणि कथलाची कांडी लावून कापसाच्या बोळ्यानें क्षणांत चांदीसारखी झळाळी फिरवी. आम्ही पोरें तो धूर नाकांत जाऊं नये म्हणून नाक धरून, पण डोळे मात्र सताड उघडे ठेवून उभीं राहत असूं. कथलाचा तो पातळ थर अन्न आणि पितळ यांच्यामध्यें येऊन बसे. तो घांसून गेला, कीं पुन्हां कल्हई. तो केव्हां गेला हें कळावयाचें साधन कोणतें? स्वयंपाक करणाऱ्या बाईची जीभ. आमटी कळकली म्हणजे कल्हई गेली. याहून स्वस्त आणि तत्पर प्रयोगशाळा कोणत्याही संस्थेनें उभारलेली मला माहीत नाहीं.

परंतु ही प्रयोगशाळा एका विशिष्ट वेगाचेंच मोजमाप करूं शकते. तासा-दोन तासांत, चवीला कळेल इतक्या प्रमाणांत जें उतरतें, तेवढेंच जिभेला कळतें. दूध कळकल्याचें मीं माझ्या उभ्या आयुष्यांत कोणाकडून ऐकलेलें नाहीं. ताजें दूध आंबट नसतें; तें पितळेच्या पातेल्यांत तापविलें आणि रात्रभर त्यांतच राहिलें, तरी सकाळीं गोडच लागतें. आणि नेमकें याच ठिकाणीं आपल्या मध्यमवर्गीय घरांवर जें एक संकट येऊन गेलें, त्याची आठवण नव्या पिढीला जवळजवळ नाहीं.

त्या संकटाचें वैद्यकीय नांव ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’. सहा महिन्यांपासून चार-पांच वर्षांपर्यंतचीं मुलें त्यांत सांपडत. मूल किरकिरें होई, पोट फुगे, यकृत वाढून दगडासारखें टणक लागे, मग कावीळ, मग सूज. आणि बहुतेक मुलें कांहीं महिन्यांत दगावत. माझ्या लहानपणीं ‘अमक्याच्या मुलाचें यकृत वाढलें आहे’ हें वाक्य मोठीं माणसें ज्या खालच्या आवाजांत बोलत, त्या आवाजावरूनच आम्हांला त्याचा अर्थ समजे. एका घरांत एक मूल गेलें कीं त्याच्या पाठचेंही पुष्कळदां त्याच वाटेनें जाई, आणि म्हणून हा रोग रक्तांतूनच येतो असा समज होणें अगदीं साहजिक होतें. आईच्या दुधाला दोष देणारेही होते. नवससायास तर विचारूं नका.

१९८० नंतरच्या दशकांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनीं, इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्यानें, या रोगाचा माग काढला. या मुलांच्या यकृतांत तांब्याचें प्रमाण नेहमींच्या कितीतरी पट असे. तें कोठून आलें? संशोधकांनीं घरोघरच्या आयांना विचारलें, कीं मुलाला वरचें दूध केव्हां सुरू केलें, तें कोणत्या भांड्यांत तापविलें, कोणत्या भांड्यांत ठेवलें. आजारी मुलांच्या आणि निरोगी मुलांच्या घरचीं उत्तरें शेजारीं शेजारीं मांडल्यावर जी तफावत दिसली, ती पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांकडे बोट दाखवीत होती. पुढें प्रयोगांनीं कारणही उघड झालें. दुधांतलें केसीन नांवाचें प्रथिन तांबें धरून ठेवतें. आम्लाची गरज नाहीं, चवींत फरक नाहीं. दूध तापत असतांना आणि निवत असतांना पातेल्याची भिंत कणाकणानें दुधांत उतरत राहते. पाठच्या भावंडाला तोच रोग होई याचें एक कारण असें, कीं पाठच्या भावंडाच्या वाट्याला तेंच पातेलें येई.

कांहीं मुलांत जन्मजात दुबळेपणाही असावा, कारण त्याच भांड्यांतलें दूध प्यालेलीं सगळींच मुलें आजारी पडलीं नाहींत. या मुद्द्यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि ते असावेतही. परंतु आयांना सल्ला देण्यांत आला, घरोघर स्टेनलेस स्टीलचीं भांडीं आलीं, आणि जो रोग वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना एके काळीं पावलोपावलीं दिसे, तो दुर्मिळ झाला. स्टीलच्या भांड्यांना ‘चव नाहीं’ म्हणून नाक मुरडणाऱ्या माझ्या पिढीनें हें लक्षांत ठेवावयास हरकत नाहीं. त्या आया निष्काळजी होत्या असें कोणी म्हणूं नये. उलट, मला तर असें वाटतें कीं ज्या घरीं दुधाचें पातेलें रोज चिंच आणि राख लावून आरशासारखें घांसलें जाई, तेथें धातूवर धरलेला जुना थर रोज निघून नवा धातु रोज उघडा पडत असला पाहिजे. ही दक्षताच मुलाच्या आड आली असावी. पहिलें पाणी ओतण्याची सगळी शिस्त त्या घरांत पाळली जात होती. पण शंभरावें दूध ओतून देण्याची शिस्त कोणाला सुचणार?

आतां वेगाचा हिशेब पाहूं. वस्तूच्या पृष्ठभागावर जें नुसतें चिकटलेलें असतें, उदाहरणार्थ मडक्याच्या आंतली धूळ किंवा कौलांवरची माती, तें पहिल्या पाण्याबरोबर जातें. येथें आजीबाईंचा नियम शंभर टक्के बरोबर. पण जें वस्तूच्या पोटांत असतें, त्याला बाहेर यावयाचें तर अतिसूक्ष्म छिद्रांतून वाट काढीत पृष्ठभागापर्यंत चालत यावें लागतें. जवळचे कण लौकर पोंचतात, आंतले उशिरां, त्याहून आंतले फारच उशिरां. म्हणून वेग सारखा मंदावत जातो, पण थांबत मात्र नाहीं.

हा मंदावण्याचा नियम मोठा रेखीव आहे. हॉलंड हा पाण्यांत उभा असलेला देश. तेथें रस्त्यांना आणि बंधाऱ्यांना भट्टींतली राख, मळी असले टाकाऊ पदार्थ वापरावयाचे, तर त्यांतून पाण्यांत काय उतरेल हें आधीं पाहावें लागतें. त्यासाठीं १९९० च्या दशकांत तेथें एक परीक्षा ठरविण्यांत आली. वस्तूचा अखंड ठोकळा पाण्यांत बुडवून ठेवावयाचा, आणि ठराविक दिवशीं तें पाणी काढून घेऊन नवें घालावयाचें. ते दिवस असे: पाव, एक, सव्वा दोन, चार, नऊ, सोळा, छत्तीस आणि चौसष्ट. वाचकांपैकीं ज्यांना शाळेंतलें गणित अगदींच नकोसें झालें नसेल, त्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं हे सगळे वर्ग आहेत. अर्धा, एक, दीड, दोन, तीन, चार, सहा आणि आठ यांचे. कारण पोटांतून झिरपणारा पदार्थ काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत बाहेर येतो. पहिल्या दिवशीं जितका आला, तितकाच पुन्हां यावयाला पुढचे तीन दिवस लागतात. त्यानंतर तितकाच यावयाला पांच, मग सात. बुडीत सावकाराच्या वसुलीसारखा हा प्रकार आहे. पहिला हप्ता चटकन् हातीं लागतो, पुढच्यासाठीं हेलपाटे वाढत जातात.

हाच हिशेब पुढें चालविला तर तो दुसरीही एक गोष्ट सांगतो. एका वर्षांत पहिल्या दिवसाच्या सुमारें १९ पट पदार्थ बाहेर येईल, आणि शंभर वर्षांत सुमारें १९१ पट. अर्थात् ठोकळ्याच्या पोटांत तितका सांठा असेल तर. म्हणजे पहिल्या दिवसाचें पाणी आपण मोठ्या सावधपणानें ओतून दिलें, तरी शतकाच्या हिशेबांत आपण एकशें एक्क्याण्णवांतला एक भाग ओतला. बाकीचे एकशें नव्वद भाग इतक्या सावकाश येतात, कीं प्रत्येक दिवसाचा भाग तपासला तर तो नगण्यच ठरतो. नगण्य ठरलेल्याची बेरीज कोणी करीत नाहीं, कारण ती करावयाला एक माणूस पुरत नाहीं.

हें सगळें पाणी एकाच जातीचें राहील असें धरून झालें. पाणी बदललें तर काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंतील मिशिगन राज्याच्या फ्लिंट शहरानें घालून दिलें. त्या शहरांत जमिनीखालीं शिशाचे जुने नळ होते. शिसें विषारी खरें; पण अनेक वर्षांच्या वापरानें त्या नळांच्या आंत क्षारांची एक खपली धरली होती आणि शिसें व पाणी यांची गांठ फारशी पडत नव्हती. पहिलें पाणी केव्हांच वाहून गेलें होतें, असें म्हणा ना. एप्रिल २०१४ मध्यें काटकसरीसाठीं शहराचें पाणी बदलून फ्लिंट नदीचें घेण्यांत आलें. तें नळ खाणाऱ्या जातीचें होतें, आणि नळांचें रक्षण करणारें औषध त्यांत घालण्यांत आलें नाहीं. खपल्या सुटल्या, आणि जुन्या नळांतून ‘पहिलें पाणी’ पुन्हां वाहूं लागलें. सप्टेंबर २०१५ मध्यें डॉ. मोना हॅना-अत्तीशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनीं मुलांच्या रक्तांतील वाढतें शिसें आंकड्यांनिशीं पुढें मांडलें. ऑक्टोबरांत जुन्या पाण्याकडे परतावें लागलें, आणि जानेवारी २०१६ मध्यें आणीबाणी जाहीर झाली. या प्रकरणांतली एक बारीकशी बाब मला सर्वांत बोलकी वाटते. घरोघर पाण्याचा नमुना घ्यावयाच्या सूचनांत असें सांगितलेलें होतें, कीं आदल्या रात्रीं नळ कांहीं मिनिटें सोडून ठेवावा आणि मग सकाळीं नमुना घ्यावा. म्हणजे नळांत मुरलेलें शिसें आधीं वाहून जाणार आणि नमुना चांगला येणार! आजीबाई पहिलें पाणी ओतून देत असत तें प्यावयास लागूं नये म्हणून. येथें तें ओतलें गेलें आणि दिसेनासें झालें.

आपल्याकडे शिशाचे नळ फारसे नाहींत. पण प्लॅस्टिकच्या नळांत तें टिकाऊ व्हावें म्हणून शिशाचीं लवणें घालीत असत, आणि त्याला आळा घालणारे नियम केंद्र सरकारनें २०२१ सालीं केले. तेव्हां रात्रभर नळांत तुंबलेलें पाणी सकाळीं थोडें सोडून द्यावें आणि मग पिण्याचें भरावें, हें अजूनही शहाणपणाचें आहे. सोडलेलें पाणी बादलींत धरून झाडांना घालावें. टंचाईच्या दिवसांत नुसतें सोडा म्हटलें तर आमच्या घरांतच बंड होईल.

पाण्याची ही भूक किती चिवट असते तें पाहावयाचें असेल, तर कोंकणांत जावें. माझें आजोळ रत्नागिरीकडचें. तेथलें घर, गडगा, विहिरीचें बांधकाम, सारें जांभ्या चिऱ्याचें. तांबडा, छिद्राछिद्रांचा, खाणींतून काढतांना मऊ आणि वाऱ्या-उन्हांत राहिला कीं टणक होणारा हा दगड मूळचा तसा नव्हे. ज्या काळ्या पाषाणानें सह्याद्रि घडला, तो सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. आणि तोच काळा पाषाण पावसानें धुऊन धुऊन जांभा झाला. वर्षाला शंभर इंचांवर पडणारा पाऊस, वर उष्णता, वर कुजणाऱ्या पानांचें सौम्य आम्ल. त्यानें आधीं सोडा आणि चुना नेला, मॅग्नेशिया आणि पोटॅश नेलें. आणि मग, जी सहसा हलत नाहीं ती सिलिकासुद्धां नेली, जिचा वांटा काळ्या दगडांत जवळजवळ निम्मा असतो. जें कशालाच विरघळावयास तयार नव्हतें तें लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम तेवढें मागें उरलें, आणि लोखंडाच्या गंजानें सगळ्याला तांबडा रंग दिला. कोल्हापूरकडच्या उंच सड्यांवर जें बॉक्साइट निघतें, तें या धुण्याचेंच आणखी पुढचें टोंक. फ्रान्सिस बुकॅनन या कंपनी सरकारच्या वैद्यानें १८०० च्या सुमारास मलबारांत हा दगड विटांसारखा कापतांना पाहिला, आणि विटेच्या लॅटिन नांवावरून त्याला ‘लॅटराइट’ असें नांव दिलें. तें त्याच्या १८०७ सालच्या ग्रंथांतून जगभर गेलें.

आजोळच्या विहिरीचें पाणी इतकें मृदु, कीं अंगाला लावलेला साबण धुतां धुवत नसे, आणि मुंबईहून आलेले पाहुणे न्हाणीघरांतून लौकर बाहेर येत नसत. देण्यासारखें जें होतें तें त्या दगडानें केव्हांच देऊन टाकलें होतें. लाखों वर्षांचीं पहिलीं पाणीं ओतून झाल्यावरचें तें पाणी. पिणाऱ्याला कसलीही धास्ती बाळगण्याचें कारण नव्हतें. दगडाला मात्र आपलें मूळचें रूप गमवावें लागलें होतें.

आतां त्या झोंप उडालेल्या तरुणाकडे वळतों. तो माझा पुतण्या. विदर्भांतल्या एका शहराच्या कडेला त्यानें घरासाठीं जागा घेतली. जागा मूळची खोलगट. विकणाऱ्यानें ती औष्णिक वीजकेंद्राची राख टाकून भरून काढली होती आणि वर हातभर मुरूम पसरला होता. आपल्या देशांत अशी राख दरसाल वीस कोटी टनांहून अधिक निघते. तिच्या विटा होतात, सिमेंट होतें, आणि खड्डेही बुजवितात. नळाचें पाणी तेथें दोन दिवसांआड येतें, म्हणून विहीर खणावी असें त्याच्या मनांत होतें. विकणाऱ्यानें राखेचा तपासणी-अहवाल आपण होऊन हातीं दिला. तो घेऊन पुतण्या माझ्याकडे आला.

“काका, यांत सगळें मर्यादेच्या आंत आहे. मग खणूं ना?”

मीं कागद पाहिला. तपासणी खरी होती, आंकडे नीट होते, कोठें लबाडी नव्हती. ती परीक्षा अमेरिकेंत १९९० सालीं रूढ झालेली आहे. शंभर ग्रॅम पदार्थ घ्यावयाचा, त्याच्या वीस पट वजनाचें सौम्य व्हिनेगरसारखें आम्ल त्यांत घालावयाचें, बाटली मिनिटाला तीस फेरे या बेतानें अठरा तास उलटीसुलटी फिरवावयाची, गाळावयाची आणि गाळलेल्या पाण्यांत काय आलें तें मोजावयाचें. शहराच्या कचऱ्याच्या ढिगांत एखादी वस्तु पुरली तर कुजणाऱ्या कचऱ्याच्या आम्लानें तिच्यांतून काय सुटेल, या प्रश्नाचें तें उत्तर आहे. माझ्या पुतण्याचा प्रश्न दुसरा होता. त्याच्या जागेंत कचरा नव्हता, आम्ल नव्हतें. होती ती नुसती राख, आणि राखेचें पाणी पुष्कळदां उलट क्षारयुक्त होतें. अशा पाण्यांत आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम यांच्यासारखे कांहीं पदार्थ आम्लापेक्षां अधिक सहज सुटूं शकतात. ही उणीव अमेरिकेंतल्या शास्त्रज्ञांनींच दाखवून दिली आहे, आणि २०१२ नंतर तेथें निरनिराळ्या आम्लतेच्या पाण्यांत, वेगवेगळ्या मुदतीपर्यंत पाहणाऱ्या परीक्षाही आल्या आहेत.

“आणि ही मर्यादा म्हणजे काय, तें वाचलेंस का तूं?” मीं विचारलें.

त्यानें वाचलें नव्हतें, कोण वाचतो? आर्सेनिकची मर्यादा त्या कागदावर लिटरला ५ मिलिग्रॅम होती. जागतिक आरोग्य संघटना पिण्याच्या पाण्यांत लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत ठीक समजते. दोहोंत पांचशें पटींचें अंतर. हें अंतर चुकीनें पडलेलें नाहीं. ढिगांतून सुटलेलें पाणी विहिरीपर्यंत पोंचेतों शंभर पट पातळ होईल असें गृहीत धरून, आणि त्या काळच्या अधिक ढिल्या पिण्याच्या पाण्याच्या मानावरून, ती मर्यादा आंखलेली आहे. पण विहीर जर ढिगाच्या पोटांतच खणावयाची असेल, तर पातळ व्हावयाला वाट कोठें उरली?

राखेंतही दोन वेग नांदतात. भट्टीच्या उष्णतेंत आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन यांसारख्या पदार्थांचा पुष्कळसा भाग वाफ होऊन वर जातो, आणि धूर निवतांना राखेच्या कणांवर पातळ थर होऊन बसतो. हा थर पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत बराचसा सुटेल. कणाच्या आंतली कांच मात्र आपला सांठा सावकाश, वर्गमुळाच्या हिशेबानें, सोडीत राहील. आणि पाण्याची जात बदलली, तर त्या हिशेबावरही विसंबतां येणार नाहीं. हें मीं त्याला कागदावर आंकडे मांडून समजाविलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग मला जो प्रश्न विचारला तो वर्गांतल्या एकाही विद्यार्थ्यानें पस्तीस वर्षांत विचारला नव्हता.

“काका, तुमच्या हिशेबानें हें पाणी शुद्ध केव्हां होईल तें सांगा. म्हणजे माझी मुलगी तोंवर केवढी असेल, तें मी पाहतों.”

त्याची मुलगी दीड वर्षाची आहे. मीं आंकडा सांगितला नाहीं. त्या जागेची राख किती खोल आहे, पाण्याची पातळी पावसाळ्यांत कोठवर चढते, तिच्यांतून पाणी वाहून जातें कीं साचून राहतें, यांतलें कांहींही कोणीं मोजलेलें नाहीं. आणि न मोजलेल्या गोष्टींवरून वडीलकीच्या नात्यानें आंकडा ठोकून देणें मला बरें वाटलें नाहीं. एवढेंच सांगितलें, कीं उताराच्या बाजूला ज्यांच्या जुन्या विहिरी आहेत त्यांचें पाणी वर्षांतून दोनदां, पावसाळ्याच्या आधीं आणि नंतर, तपासून घ्यावें, आणि तें सर्वांनीं मिळून करावें. म्हणजे खर्चही वांटला जाईल आणि आंकड्यांची रांगही तयार होईल. एका दिवसाच्या आंकड्यापेक्षां दहा वर्षांची रांग हातांत असली, तर उद्यां विकणाऱ्याला विचारावयालाही कांहीं आधार राहील.

त्यानें विहीर खणली नाहीं. गच्चीवर टांकी मोठी केली, आणि पहिले दोन दिवस पागोळ्यांचें पाणी वाहूं देऊन मग तें सांठविण्याची व्यवस्था केली. उताराकडच्या चार घरांनीं मिळून पहिली तपासणी गेल्या वैशाखांत करून घेतली; दुसरी दिवाळीनंतर व्हावयाची आहे. परसांत, मुरुमाच्या थरावर, सुनेनें अळूचा वाफा केला आहे आणि अळू उत्तम माजलें आहे. तें फदफदें करून खावें कीं नाहीं, याविषयीं त्या घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.